विणकामाचा नमुना आणि घरचा संसार

वैशाखातली संध्याकाळ, गोदेकाठची फरशी अजून तापलेली, आणि अशा वेळी लोकरीच्या स्वेटराविषयी बोलावयाचे, हे ऐकून पुष्कळांस हसू येईल. परंतु दिवाळीच्या अंकासाठी ज्यांना स्वेटराचा नमुना तयार करावयाचा असतो, त्यांच्या मांडीवर लोकर असते ती नेमकी याच दिवसांत. अंक दिवाळीपूर्वी निघावयाचा, म्हणून तो त्याआधी दोन महिने तरी छापखान्यात जावयास हवा. छापखान्यापूर्वी मजकूर संपादकांच्या हाती हवा. आणि मजकूर लिहिण्यापूर्वी तो स्वेटर पुरा विणून, धुऊन, वाळवून, मापून पाहिलेला हवा. हिवाळ्यात निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर उतरला, की द्राक्षबागाईतदार बागेत शेकोट्या पेटवतात आणि आपण ट्रंकेतले स्वेटर काढतो. त्या स्वेटराचा विचार मात्र कोणीतरी उन्हाळ्यात, घामेजल्या हातांनी केलेला असतो.

आम्ही म्हणजे आम्ही दोघी जावा. एका घरात नांदतो, एका चुलीवर स्वयंपाक करतो आणि गेली बरीच वर्षे लोकरीचे नमुने आखून, लिहून छापावयास देतो. या अनुभवावरून तीन गोष्टी सांगाव्यात असे मनात आहे. विणकामाचा नमुना म्हणजे नेमके काय. तो संसाराच्या रगाड्यात कसा तयार होतो. आणि छापून झाल्यावर तो कोणाचा असतो.

प्रथम 'विणकाम' या शब्दाचा खुलासा केला पाहिजे, कारण नाशिक जिल्ह्यात हा शब्द उच्चारला की येवल्याची पैठणी डोळ्यांपुढे येते, आणि ते योग्यच आहे. मागावरच्या विणकामात उभे सूत व आडवे सूत असे दोन असतात आणि एक दुसऱ्याच्या खालून-वरून जाते. दोन सुयांवरच्या विणकामात धागा एकच. त्याचा एक फासा दुसऱ्या फाशातून ओढावयाचा, आणि अशा फाशांच्या ओळींवर ओळी रचावयाच्या. या प्रत्येक फाशाला आपण टाका म्हणतो. एक टाका सुटला की खालच्या ओळींतले टाके शिडीसारखे उसवत जातात. फासा समोरून मागे ओढला तर 'उलट' दिसतो, मागून समोर ओढला तर 'सुलट' दिसतो. सबंध विद्या या दोन टाक्यांवर उभी आहे. दोन टाके एकत्र विणले की 'जोडी', म्हणजे एक टाका कमी. सुईवर दोरा पुढे घेतला की एक टाका अधिक, आणि तेथे एक भोक. जाळीची वीण म्हणजे जोडी आणि दोरा पुढे यांचा मेळ होय. जितक्या जोड्या, तितके दोरे पुढे. म्हणजे टाक्यांची संख्या कायम राहते आणि जाळी मात्र उमटते.

आता हे ज्ञान एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे जाते कसे? शेजारणीच्या ओट्यावर बसून तिच्या हाताकडे पाहात शिकणे, ही जुनी आणि आजही सर्वांत चांगली रीत आहे. हल्ली तोच हात दूरध्वनीच्या पडद्यावर पाहता येतो. पण हात पाहून टाका शिकता येतो, अख्खा स्वेटर शिकता येत नाही. किती टाके घालावेत, मुंढ्याला किती कमी करावेत, गळा कोठून खोलावा, हा हिशेब आहे. आणि हिशेबाला कागद लागतो.

असा कागद छापून विकण्याची कल्पना फार जुनी नाही. आपले सार्वजनिक वाचनालय १८४० साली नाशकात सुरू झाले. योगायोग असा की त्याच वर्षी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात जेन गोगेन नावाच्या बाईंनी विणकाम, जाळीकाम व क्रोशाकाम यांच्या कृतींचे पुस्तक प्रसिद्ध केले. या बाई दुकानदारीण होत्या. लोकर, दोरा विकावयाच्या आणि गिऱ्हाइकांना कृती सांगावयाच्या. तोंडी सांगून भागेना म्हणून त्यांनी कृती लिहून काढल्या, आणि लिहिताना जागा वाचावी म्हणून अक्षरांच्या खुणा योजल्या. आज जगभर विणकामाच्या कागदावर जी अक्षरे व आकडे दिसतात, त्यांचे एक मूळ या दुकानाच्या फळीवर आहे.

आपल्याकडे ही कला एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळांतून आणि पुढे स्त्रीशिक्षणाच्या संस्थांतून घरोघर गेली. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. पुढे काही काळ ते नाशकात नोकरीवर होते आणि रमाबाईंचे पहिले जाहीर भाषण याच गावी झाले. त्याच रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले, आणि तेथे लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकामासारखे उद्योगाचे वर्ग चालले. व्याख्यान आणि सुई या दोन्ही गोष्टी आपल्याकडे अशा एकाच घरातून चालत आल्या आहेत. तेव्हा या ग्रंथात लोकरीला जागा मागण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

मराठीत कृती लिहू लागलेल्या पहिल्या बायकांनी एक मोठे काम केले, त्याची जाणीव आपल्याला क्वचितच असते. त्यांनी शब्द घडवले. क्रोशाच्या कामात साखळी, मुका खांब, खांब हे शब्द आपण सहज वापरतो. इंग्रजीत काय गोंधळ आहे पाहा. इंग्लंडात ज्याला दुहेरी क्रोशे म्हणतात त्यालाच अमेरिकेत एकेरी क्रोशे म्हणतात. अमेरिकेचा दुहेरी तो इंग्लंडचा तिहेरी. परदेशी पुस्तक उघडले की ते कोणत्या देशाचे, हे आधी पाहावे लागते. आमचा मुका खांब हा मुका खांबच राहतो, मग पुस्तक पुण्याचे असो की नागपूरचे. सुयांच्या बाबतीत मात्र हे सुख आपल्याला नाही. आपल्या बाजारात सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे चालत आले आहेत, आणि त्या पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते. दहा नंबरची इंग्रजी सुई सव्वातीन मिलिमीटर जाडीची असते. दहा नंबरची अमेरिकन सुई सहा मिलिमीटरची. एकीवर बाळाचे झबले होईल, तर दुसरीवर त्याच टाक्यांत आजोबांचा गळपट्टा. म्हणून आम्ही नंबराशेजारी मिलिमीटर लिहिल्याशिवाय राहात नाही.

आता नमुन्याचा जो गाभा, त्या हिशेबाकडे येऊ. ठिपक्यांची रांगोळी सर्वांच्या परिचयाची आहे. '१५ ते ८' एवढे लिहिले की बाई ओळखते, मधल्या ओळीत पंधरा ठिपके आणि दोन्ही बाजूंस एकेक कमी होत आठापर्यंत. रांगोळीत दोन ठिपक्यांतील अंतर बोटभर ठेवा की दोन बोटे, आकृती तीच राहते. अंगण फक्त लहान-मोठे लागते. स्वेटरात तसे चालत नाही, कारण त्यात माणूस मावावयाचा असतो. टाका किती मोठा पडतो यावर सर्व अवलंबून आहे, आणि तो प्रत्येकीच्या हातात निराळा पडतो. कोणी घट्ट विणते, कोणी सैल. म्हणून प्रथम एक चौकोन विणून, धुऊन, त्याच्या १० सेंटिमीटरांत किती टाके व किती ओळी बसतात हे मोजावयाचे.

उदाहरण घेऊ. मुलाची छाती ६० सेंटिमीटर आहे. अंगाला घट्ट बसू नये म्हणून ६ सेंटिमीटर ढिलाई. स्वेटराचा घेर ६६, म्हणजे पुढचा भाग ३३ आणि पाठ ३३. आमच्या चौकोनात १० सेंटिमीटरांत २२ टाके येतात. तेव्हा ३३ ला सुमारे ७२. वीण सहा टाक्यांची आहे. ७२ ला सहाने बरोबर भाग जातो. शिवणीत जाण्यासाठी दोन्ही कडांना एकेक टाका अधिक. एकूण ७४ टाके घाला, असे कागदावर येते. आता हाच कागद एखाद्या सैल हाताच्या बाईकडे गेला, जिचे १० सेंटिमीटरांत २० च टाके बसतात. तिचे ७२ टाके ३६ सेंटिमीटर होतील आणि घेर ७२. मूल स्वेटरात पोहेल. घट्ट हाताच्या बाईचे १० सेंटिमीटरांत २४ बसतात. तिचा घेर ६० होईल, म्हणजे जेवढी छाती तेवढाच स्वेटर. तो डोक्यातून जाईल, पण बटाट्याच्या पोत्यासारखा ताणून बसेल. दोघींनी कागद अक्षरशः पाळला, तरी दोघींचे श्रम वाया गेले. दोष कोणाचा? ज्या लेखिकेने चौकोनाचे माप दिले नाही, तिचा.

पुढची पायरी मापांची. एकाच मापाचा नमुना छापणे म्हणजे एकाच मुलासाठी छापणे. आमच्या वरच्या उदाहरणात सहा टाक्यांचे एक आवर्तन वाढवले की पुढचे माप आपोआप येते. ७४, ८०, ८६ असे तीन आकडे. त्यांतून शिवणीचे दोन वजा केले की घेर अनुक्रमे सुमारे ६६, ७१, ७६ सेंटिमीटर. म्हणजे छाती ६०, ६५, ७०. कागदावर ते '७४ (८०, ८६)' असे लिहितात. हे जितके सोपे दिसते तितके पुढे राहात नाही, कारण मुंढा, खांदा, बाही हे त्याच प्रमाणात वाढत नाहीत. मुलाची छाती पाच सेंटिमीटरांनी वाढली म्हणून मान तेवढी जाड होत नाही. एक स्वेटर विणणे ही एक गोष्ट, आणि न विणलेले दोन स्वेटर कागदावर बरोबर आणणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीसाठीच आमची दुपार जाते.

दुपार म्हटल्यावर संसाराकडे यावे लागते. 'फावल्या वेळात काय छान करता तुम्ही!' असे आम्हांस पुष्कळदा कौतुकाने म्हटले जाते. या वाक्यात वाईट हेतू नसतो. परंतु ज्या घरात दूध उतू जाते, पाणी ठरल्या वेळी येते, पाहुणा न कळवता येतो आणि मुलाला शाळेची वही रात्री नऊ वाजता आठवते, तेथे फावला वेळ म्हणून काही पडलेला नसतो. जो असतो तो तुकड्यातुकड्यांनी असतो, आणि कोणत्या तुकड्यात कोणते काम बसते हे शिकावे लागते.

आमच्या कामाचे आम्ही तीन भाग पाडले आहेत. पहिला हिशेबाचा. त्याला एकांत हवा, निदान अर्धा तास कोणी हाक मारता कामा नये. तो आम्ही पहाटे किंवा जेवणे आटोपून घर निजल्यावर करतो. दुसरा हाताचा. सरळ विणीची पाठ असली की ती कोठेही होते: दवाखान्याच्या बाकावर, नाशिक-पुणे एस.टी.त, सासूबाईंच्या मैत्रिणी आल्या असताना. तिसरा भाग लिहिण्याचा. याला वेळ सर्वांत कमी लागतो आणि सर्वांत जास्त तोच चुकतो. कारण ओळ विणून झाल्याबरोबर ती लिहावयास हवी, आणि नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी होते. परत येऊन सुई हाती घेतली की सातवी ओळ झाली की नववी, हे आठवत नाही. सुरुवातीच्या एका नमुन्यात आम्ही असा अंदाज केला आणि पुढचा भाग पाठीपेक्षा दोन ओळींनी उंच झाला. बाजू शिवताना ते कळले. तेव्हापासून घरात नियम असा की सुई खाली ठेवण्यापूर्वी पेन्सिल उचलावयाची. दूध थोडे उतू गेले तरी चालेल.

या व्यत्ययांनी आम्हांला एक गोष्ट शिकवली. आमचा कागद जी वाचणार, तीही अशीच मधून उठणार आहे. तिच्याही घरी कुकर आहे. म्हणून प्रत्येक ओळीला क्रमांक, आणि टाके कमी-जास्त झाले की त्या ओळीच्या शेवटी 'आता सुईवर इतके टाके' असा आकडा, हे आम्ही कधी सोडत नाही. तिने उठावे, परत यावे, टाके मोजावेत आणि आपण कोठे आहोत हे तिला कागदाने सांगावे. सलग चार तास बसून लिहिणाऱ्याला हे सुचणे कठीण. आमच्या नमुन्यांत काही गुण असेल तर तो या मोडक्या दुपारींचा आहे.

कागद पुरा झाला की परीक्षा. आमच्यापैकी जिने नमुना आखला, तिने नंतर तोंड मिटून बसावयाचे. दुसरीने फक्त कागद वाचून स्वेटर विणावयाचा. धाकटी विचारते, "ताई, मुंढ्यानंतर इथे दोन्ही बाजूंना कमी करायचं का?" थोरली म्हणते, "कागदात काय लिहिलंय?" "कागदात नाहीच." "मग ते लिहायचं राहिलं." असे दर नमुन्यात पाच-सात वेळा होते. लिहिणारीला जे ठाऊक असते ते तिला लिहिण्याजोगे वाटत नाही. पाकशास्त्राच्या जुन्या वह्यांत 'मीठ अंदाजाने' असते, ते याच कारणाने. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' लिहिले आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' आले. ज्या नव्या सुनेजवळ सासू नाही, आई नाही, तिलाही वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक करता आला, याचे श्रेय या बायकांनी अंदाजाचे माप केले याला आहे. विणकामाच्या लेखिकेचे काम याहून निराळे नाही.

इतके करूनही चूक होते, आणि ती कोठे होईल याचा नेम नसतो. आमचा अगदी आरंभीचा एक नमुना एका मासिकात छापून आला. त्यात ओळ अशी होती: १ सुलट, तारा, ४ सुलट, २ उलट, ताऱ्यापासून पुन्हा शेवटी १ टाका उरेपर्यंत, १ सुलट. म्हणजे कडेचा एक, मग सहाची बारा आवर्तने, पुन्हा कडेचा एक, एकूण ७४. छापताना पहिला तारा गळला. वाचणारीने साहजिकच ओळीच्या आरंभापासून पुन्हा सुरुवात केली. सहाचे आवर्तन सातचे झाले. दहा आवर्तनांत सत्तर टाके गेले आणि चार उरले. पुढच्या ओळीपासून उलट टाक्यांचे खांब तिरके चालू लागले. महिनाभर पोस्टकार्डे येत होती. एका बाईंनी लिहिले होते की चार टाके उरतात, ते कोणाच्या अंगात घालू? दुरुस्ती छापून आली ती दोन अंकांनंतर, थंडी संपताना. ज्या गावच्या छापखान्यांत नोटा आणि तिकिटे छापतात, त्या गावाला छपाईतील एका खुणेची किंमत सांगावयास नको.

चुकीचे आम्हांस वाईट वाटले, पण त्या पानावर दुसरेही काही गळले होते. आमची नावे. नमुन्याखाली 'एका भगिनीकडून' एवढेच होते. दोघी असून एक भगिनी! त्याच अंकातील कवितेखाली कवीचे नाव होते, चुटक्यांखालीही होते. मानधनाविषयी विचारले तेव्हा अंकाची एक प्रत पाठवली आहे, असे उत्तर आले. आम्ही त्या वेळी गप्प बसलो. आज वाटते, बसावयास नको होते. ताऱ्याच्या चुकीबद्दल वाचकांनी कोणास विचारावे? ज्या मजकुराला नाव नाही, त्याची जबाबदारी कोणाची नसते आणि श्रेयही कोणाचे नसते. या दोन गोष्टी एकत्रच येतात आणि एकत्रच जातात.

ताऱ्यावर आम्ही उपाय केला. आता आम्ही खूण न घालता शब्द लिहितो: 'येथून आवर्तन', 'आवर्तन पुरे'. शब्द गळला तर वाक्य अडखळते आणि मुद्रिते वाचणाऱ्याच्या लक्षात येते. शिवाय गुंतागुंतीच्या विणीसाठी चौकोनी कागदावर आकृती देतो. येवल्याचे कारागीर पैठणीच्या पदरावरचा मोर चौकटींच्या कागदावर आखतात, त्याच जातीची ही गोष्ट. एक चौकट म्हणजे एक टाका. शब्द आणि आकृती दोन्ही दिली की एकीतली चूक दुसरी पकडते.

नावाचा उपाय मात्र एकटीदुकटीच्या हातचा नाही. या बाबतीत परदेशची एक हकीगत सांगण्यासारखी आहे. एलिझाबेथ झिमरमन ही बाई १९१० साली इंग्लंडात जन्मली आणि पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन प्रांतात तीन मुलांचा संसार करीत राहिली. १९५५ च्या सुमारास तिने एका मासिकाला स्वेटराची कृती दिली. ती तिने गोल सुईवर, शिवणीशिवाय विणली होती. मासिकाने सूचना आपल्या रूढ पद्धतीने बदलून छापल्या. तिला ते रुचले नाही. तिने स्वतःचे पत्रक काढून घरूनच विणकऱ्यांना पाठवावयास सुरुवात केली, आणि १९५९ साली स्वतःची प्रकाशनसंस्था उभारली. ती राहात होती त्या जुन्या शाळेच्या इमारतीवरून तिचे नाव पडले. १९७१ साली तिचे मोठे पुस्तक आले. तिने विणकऱ्यांना दिलेली युक्ती अशी की घेराच्या टाक्यांना शंभर मानावे. मनगट त्याच्या सुमारे पाचवा भाग, दंड सुमारे तिसरा भाग. एवढे प्रमाण कळले की बाई कोणाही मुलाचा स्वेटर स्वतः आखू शकते. आपला नमुना विकणारी बाई गिऱ्हाइकाला नमुन्याशिवाय विणावयास शिकवते, यात मोठे मन तर आहेच, शिवाय स्वतःच्या कामाविषयीची खात्रीही आहे.

आमच्यासारख्यांना प्रकाशनसंस्था काढणे जमेल न जमेल. पण कायदा काय म्हणतो हे तरी ठाऊक असावे. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. विणीवर, टाक्यावर किंवा पद्धतीवर कोणाचा हक्क नसतो, आणि नसावाही. सुलट-उलट ही सर्वांची मिळकत आहे. परंतु कृती ज्या शब्दांत लिहिली ते शब्द आणि जी आकृती काढली ती आकृती लिहिणारीची. त्यासाठी कोठे नोंदणी करावी लागत नाही. लिहिताक्षणी हक्क उत्पन्न होतो, आणि तो तिच्या हयातीत व नंतर साठ वर्षे टिकतो. हा हक्क दुसऱ्याला द्यावयाचा तर लेखी द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. कोणत्या प्रदेशापुरता ते लिहिले नसेल तर भारतापुरता. मजकूर पाठवताना सोबत दोन ओळींचे पत्र जोडावे: नाव असे छापावे, एकदाच छापण्याची परवानगी आहे, मुद्रित तपासावयास मिळावे. आम्ही हे करू लागल्यापासून कोणी नाराज झाल्याचे आठवत नाही. उलट मुद्रिते येऊ लागली आणि तारे गळणे थांबले.

काही जण म्हणतील, स्वेटरासारख्या घरगुती गोष्टीला एवढा व्याप कशाला? त्यांनी १९६२ साल आठवावे. चीनचे आक्रमण झाले आणि हिमालयाच्या थंडीत आपले जवान उभे होते, तेव्हा देशभर घरोघर स्त्रियांनी लोकर घेतली आणि स्वेटर, मोजे, कानटोप्या विणल्या. यशवंतराव चव्हाण त्या वेळी संरक्षणमंत्री झाले आणि पुढल्याच वर्षी ते आपल्या नाशकातून बिनविरोध लोकसभेवर गेले. ज्या शिपायाला त्या बायकांनी कधी पाहिले नाही, त्याच्या छातीचे माप त्यांना कागदावरून घ्यावे लागले. ओळखीच्या मुलासाठी विणताना अंगाला लावून पाहता येते. अनोळखी माणसासाठी विणताना आकड्यांवर विश्वास ठेवावा लागतो. तो आकडा कोणीतरी जपून लिहिला असेल तरच तो विश्वास सार्थ होतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. बहुतेक घरांत आई-आजीची एखादी वही असेल. तिच्यात पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी असतील, 'बाळूचा निळा स्वेटर, टाके ७४' असे काही असेल, मधूनच किराण्याचा हिशेबही असेल. ती वही रद्दीत घालण्यापूर्वी तिच्यावर तिचे नाव, गाव आणि आठवत असेल ते साल लिहावे. आजी हयात असेल तर शेजारी बसून सुईचा नंबर आणि लोकरीची जाडी विचारून घ्यावी, कारण ते तिने लिहिलेले नसणार. तिला ते ठाऊक होते. आणि ज्या आज नव्याने आखताहेत, त्यांनी चौकोनाचे माप, ओळीचा क्रमांक आणि स्वतःचे नाव या तीन गोष्टी पहिल्याच पानावर लिहाव्यात.

आमच्यापुरते म्हणाल, तर येत्या दिवाळीचा नमुना बाहीपर्यंत आला आहे. थोरलीने आखला आहे आणि धाकटी कागद वाचून विणते आहे. परवाच तिने विचारले, मनगटाची पट्टी किती ओळींची? कागदात नव्हते. आता लिहिले आहे.